धरून ठेव

१

मुंबईत प्लेग शिरायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. शिवडीच्या कोळीवाड्यात चांगुणा नावाची कोळीण राहायची. तिचं मासळी वाळवायचं खळं वाड्याच्या पार टोकाला, खाडीच्या अंगाला होतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला आणि बाजूला बांबूंवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले असायचे. थंडीच्या दिवसांत सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तिचं काम एकच. हातात काठी घ्यायची आणि कावळे, घारी हाकलत बसायचं.

तिचा नवरा धाकू. अंगाने दणकट, तोंडाने मुका म्हणावा इतका गप्प. होडीवर तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, एखादा दोर धर म्हटलं की धाकू तो धरायचा, आणि तांडेल सोड म्हणेपर्यंत वारा येवो की लाट येवो, त्याची मूठ सैल व्हायची नाही. वाड्यात त्याची थट्टा चालायची. "धाकूला दोर दिलात तर परत मागायची आठवण ठेवा रे," असं त्याचा धाकटा भाऊ पोशाच म्हणायचा.

त्या वर्षी लालबागेच्या मैदानात एक गोरा साहेब बलून घेऊन आला. हॅलोरन त्याचं नाव. गॅसच्या नळाने बलूनचं रेशमी पोट फुगवायचं, खाली वेताचा पाळणा बांधायचा, त्यात साहेबाने बसायचं आणि आभाळात चढायचं. मुंबईभरचे लोक तिकिटं काढून बघायला यायचे. फुगलेला बलून जमिनीवर धरून ठेवायला दोराला सरावलेले हात हवे होते, म्हणून कोळीवाड्यातले गडी नेले. साहेबाला मराठी येत नसे, गड्यांना इंग्रजी. मध्ये गिरगावातला एक कारकून उभा असे, त्रिंबकराव नावाचा. साहेब पाळण्यातून बोलायचा आणि त्रिंबकराव ते मराठीत ओरडून सांगायचे.

पहिल्या दोन्ही खेपा सुरळीत पार पडल्या. तिसऱ्या खेपेला चांगुणा स्वतः बघायला गेली. कुंपणाला टेकून उभी राहिली.

दुपार कलली होती. समुद्राच्या बाजूने वारा उठला होता आणि बलून खाडीकडे कलत होता. जुन्या गड्यांनी कारकुनाला सांगितलं, वारा पडू द्या. पण खुर्च्यांवर बडी मंडळी येऊन बसलेली, बँड वाजत होता. साहेब थांबेना. चार दोर होते. तीन दोरांना ढील द्या, चौथा धरून ठेवा, असा हुकूम त्रिंबकरावांनी ओरडून सांगितला. त्या चौथ्यावर धाकू होता, पोशा होता, आणखी दोघं होते. पाळणा तिरका झाला. तो आता खुर्च्यांवर जाणार असं वाटून साहेब घाबरला आणि त्याने पायाशी ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या भराभर बाहेर लोटल्या.

हलका झालेला बलून उसळला. चौथ्या दोरावरच्या तिघांनी हात सोडले. धाकूने सोडले नाहीत.

मागल्या खेपेला साहेबाने वर चढताना झुल्यावर कसरत करून दाखवली होती. लोकांना वाटलं, ही या खेपेची कसरत. टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्यांनी चाल बदलून जोरकस चाल धरली. चांगुणाला नवऱ्याचे तळपाय दिसत होते. ते हलत नव्हते. धाकू ओरडला नाही की त्याने पाय झाडले नाहीत. नुसता लहान लहान होत गेला.

२

बलून वडाळ्याच्या मिठागरात उतरला. साहेबाचा पाय मुरगळला होता, बाकी तो धड होता. दोर होता. दोराच्या टोकाला कोणी नव्हतं.

कोळ्यांनी चिखल तुडवला, तिवरांच्या झाडीत शिरून पाहिलं, भरती-ओहोटी सांभाळत होड्या घातल्या. खाडीत बुडालेलं माणूस कुठे लागतं हे त्यांना ठाऊक असतं. धाकू कुठेच लागला नाही.

मग खेळ भरवणाऱ्या मंडळींनी मैदानातल्या तंबूत चौकशी केली. साहेब म्हणाला, मी चारही दोर सोडायला सांगितले होते. या माणसाने दोर मनगटाला गुंडाळून घेतला असणार, चूक त्याची. त्रिंबकरावांना विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? त्रिंबकराव खाली बघून म्हणाले, "सोडा असंच सांगितलं."

पोशाला पुढे बोलावलं. तो रडत, थुंकी गिळत बराच वेळ बोलला. "धरून ठेवा असाच हुकूम आला. या कानांनी ऐकला. आम्ही भ्यालो, आम्ही सोडला. माझ्या भावानं ऐकला. हुकूम ऐकला म्हणून तो गेला, साहेब."

त्रिंबकरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. चारच शब्दांत सांगितलं.

चांगुणाला इंग्रजी कळत नव्हतं, पण एवढं लांबलचक रडणं चार शब्दांत मावत नाही हे तिला कळलं. ती मागून ओरडली, "तो पडला ते बघितलं कोणी? त्या साहेबाला विचारा."

त्रिंबकरावांनी विचारलं. साहेबाने खांदे उडवले. मग त्रिंबकराव म्हणाले, "साहेब म्हणतात, पडताना पाहिला नाही. खूप वर गेल्यावर दोर एकाएकी हलका झाला, एवढंच कळलं."

"हलका झाला म्हणजे?"

"बाई, आता घरी जा."

३

धाकूचा पुतळा करून जाळावा आणि मोकळं व्हावं, असं वाड्यातली म्हातारी माणसं म्हणाली. चांगुणा ऐकेना. "पडला नाय, तर मेला कसा? आधी पडलेला दाखवा." दुःखाने डोकं फिरलंय म्हणून लोकांनी तिला फार छेडलं नाही. ती पुन्हा काठी घेऊन खळ्यात बसायला लागली.

आणि तिच्या लक्षात आलं की काठी उचलायची वेळच येत नाही.

शेजारच्या गंगुबाईच्या खळ्यात कावळ्यांचा धुमाकूळ चालला होता. चांगुणाच्या खळ्यावर एक कावळा नाही, एक घार नाही. खाडीवरून येणारी घार तिच्या बांबूंपर्यंत यायची आणि भिंत लागावी तशी वळसा घालून पलीकडे जायची. गंगुबाईला आधी हसू आलं, मग हेवा वाटला. तिने आपले बोंबील इकडे आणून टांगले. दोन दिवसांनी न बोलता परत नेले.

"का गं नेलेस?" चांगुणाने विचारलं.

"काय नाय गं. इथं बसलं की मानेवर कायतरी असल्यासारखं वाटतंय."

जवळा वाळत आला की फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. त्या पांढऱ्यावर एके दिवशी चांगुणाला काळा ठिपका दिसला. रुपयाएवढा. तिला वाटलं, घाण पडली. उचलायला गेली तर हातावर आला. सावली होती ती.

तिने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ. डोळे दिपले, पाणी आलं, दिसलं काहीच नाही.

तिने मनाशी ताडून पाहिलं. घारीची म्हणावी, तर घार फिरते आणि सावलीही फिरते. ही हलत नव्हती. आणि घार उंच गेली की तिची सावली विरून जाते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. ही शाईने काढल्यासारखी ठळक होती. बांबूच्या टोकाची असेल म्हणून तिने सगळे बांबू उतरवले. ठिपका तिथेच राहिला. ढग आला तेव्हा बांबूंच्या, घराच्या, तिच्या स्वतःच्या सावल्या पुसल्या गेल्या. ठिपका पुसला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा होता. काही दिवसांनी सुपाएवढा.

तिने पोशाला बोलावलं. तो आला, जमिनीकडे बघत उभा राहिला. त्या दिवसापासून पोशा मान वर करत नसे. होडीवर शिडाकडे बघायचं कामसुद्धा दुसऱ्याला द्यायचा.

"काय दिसतंय?" ती म्हणाली.

पोशा सावलीजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "वैनी, हे दोन पाय हायत."

४

पाय होते. टाचा वेगळ्या दिसायला लागल्या, मग बोटं. खालून पाहिल्यावर दिसावेत तसे, जोडून धरलेले.

चांगुणाच्या मनात त्या दिवसांत काय चाललं होतं ते ती कोणाला सांगू शकली नसती. नवरा येतोय या विचाराने तिचा जीव हलका व्हायचा, आणि इतके दिवस वर राहिलेलं माणूस कसल्या रूपात खाली येईल या विचाराने ती खळ्याकडे पाठ करून बसायची. वर काय खाल्लं असेल, काय प्यायला असेल? मग ती स्वतःलाच दटवायची. वेडे, माणूस हवेत राहतो का? तू जागरणाने भ्रमली आहेस. पोशाही भ्रमलाय. आणि घारी? घारीही भ्रमल्या का, असं मग तिचंच मन विचारायचं.

सावली माणसाच्या पायांएवढी झाली आणि खळ्यातून घराकडे सरकली. एके दुपारी चांगुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. वर आवाज झाला.

करर. करर.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ओझ्याने ताणलेला दोर लाकडाला घासून असा वाजतो. होडी नांगरावर ओढ घेते तेव्हा वाजतो. पण घरापाशी होडी नव्हती आणि छपरावर दोर नव्हता. आवाज आढ्याच्या वर, कौलांना लागून येत होता. एक कौल जरासं उचललं गेलं आणि परत बसलं, कोणीतरी अंगठ्याने चाचपून पाहावं तसं.

ती बाहेर धावली. अंगणात दोन पावलांची सावली. छपरावर मोकळं ऊन, कौलं जागच्या जागी. आवाज मात्र तिच्या डोक्यावरून येत होता. हात वर केला असता तर काहीतरी लागलं असतं, इतक्या जवळून. तिने हात वर केला नाही.

"अवो," ती म्हणाली. नवऱ्याला नावाने हाक मारायची तिला सवय नव्हती. "या ना खाली. घर हाय हे आपलं."

करर.

"सोडा तो दोर. कुणाचा कोण तो साहेब! सोडा म्हणते ना मी."

आवाज चालू राहिला. त्यानंतर रोज दुपारी तो तिथवर यायचा आणि अडायचा. तिने विनवलं, शिव्या दिल्या, रडून पाहिलं. पोशाने मान खाली घालून "दादा सोड, दादा सोड" म्हणून हाका मारल्या. पाऊल बोटभरही खाली आलं नाही.

शेवटी पोशाच म्हणाला, "वैनी, होडीवर तरी दादानं आपलं कधी ऐकलं? ज्यानं धरायला सांगितलं त्यानंच सोडायला सांगायला पायजे."

५

ज्याने ओरडून सांगितलं होतं तो कारकून स्वतःच्या पायांनी वाड्यात आला. साहेबाचा पाय बरा झाला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालबागेत पुन्हा खेळ होता. गिरणीतले गडी लावून पाहिले, पण त्यांना दोर धरता येईना. त्रिंबकराव कोळी मागायला आले होते. एकही जण उठला नाही. परत जाताना पोशाने त्यांना वाटेत गाठलं. "वैनीनं बोलावलंय," एवढंच तो म्हणाला, पण ते अशा आवाजात म्हणाला की त्रिंबकराव निमूट निघाले.

अंगणात ऊन रणरणत होतं. पगडी सावरत त्रिंबकराव म्हणाले, "बाई, तुमच्यावर जे गुदरलं त्याचं मला फार वाईट वाटतं."

"खाली बघा," चांगुणा म्हणाली.

त्यांनी पाहिलं. "घार असेल."

"कुठं हाय घार?"

त्यांनी मान वर करायला सुरुवात केली. तिने त्यांचा दंड धरला. "वर नका बघू. ऐका फक्त."

करर. करर.

 त्रिंबकराव शिकलेले गृहस्थ होते. आवाजाला कारण असतं हे त्यांना माहीत होतं, आणि ते कारण शोधत त्यांची नजर घरावरून, बांबूंवरून, खाडीवरून फिरली. कारण सापडलं नाही. सावलीच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच हलला.

"तुमी त्यांना धरून ठेव म्हणालात," चांगुणा म्हणाली. "अजून धरलंय त्यांनी. आता सोड म्हणा."

"मी... साहेब जे म्हणाले तेच मी..."

"म्हणा."

त्रिंबकरावांनी मागे वळून पाहिलं. वाड्याच्या तोंडाशी कोणी ओळखीचं नव्हतं. तरी ते कुजबुजले, "बाई, मी आज सोड म्हणालो, तर त्या दिवशी म्हणालो नव्हतो असं होईल. माझी नोकरी आहे. घरी चार माणसं आहेत."

"मी कुटं चौकशी भरवलीय इथं? इथं ऐकणारा एकच हाय."

त्यांनी ओठ ओले केले. "सोड," ते पुटपुटले.

काहीच झालं नाही.

"असं नाय. त्या दिवशी घसा फोडून ओरडलात. तस्सं."

त्रिंबकरावांनी डोळे मिटले आणि मैदानात ओरडायचे तसे, छाती भरून, शिवडीच्या टेकडीपर्यंत जाईल असे ओरडले, "सोडा! चौथा दोर सोडा!"

करकर थांबली. वरून, पार उंचावरून, सैल पडलेला दोर सळसळत जावा तसा आवाज झाला आणि दूर होत होत बंद पडला.

त्रिंबकरावांना वर बघायचं नव्हतं, पण त्यांनी पाहिलं. मग ते तिथेच अंगणात खाली बसले.  पगडी घरंगळली ती त्यांनी उचलली नाही. थोड्या वेळाने उठून, भिंतीला धरून धरून ते वाड्याबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ते लालबागेत आपल्या जागेवर उभे होते, नवी पगडी घालून. पोट कोणाला चुकलंय!

६

चांगुणाला वाटलं होतं, काहीतरी धपकन पडेल. पडलं नाही. तिने वर न बघता हात उंच केला तेव्हा तिच्या हाताला घोटा लागला. थंड, आणि कोरडा. वाळल्या बोंबलासारखा कोरडा.

तिने ओढलं. जड लागलं नाही. पण खालीही येत नव्हतं. पाण्यात बुडवलेला लाकडी ओंडका जसा वर जायला बघतो, तसं ते वर जायला बघत होतं. पोशाने डोळे मिटून दुसरा पाय धरला. दोघांनी मिळून ते घरात घेतलं. दारातून नेताना वाकवावं लागलं नाही, फक्त खाली दाबून धरावं लागलं. तिने जुनं शीड टाकून झाकलं आणि शिडाच्या कडांवर जाळ्याचे दगड मांडले. तोंड पाहिलं नाही. उजवा हात तेवढा दिसला. मूठ मिटलेली होती. तिने बोटं उघडून पाहिली, उघडली नाहीत.

मग ती त्या दगडांशेजारी बसून राहिली. शीड मधूनमधून फुगत होतं, आत वारा भरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या चार जुन्या माणसांना सांगितलं. धाकू लागला, एवढंच. कुठे लागला हे कोणी विचारलं नाही. उघडून बघायलाही कोणी पुढे झालं नाही. तिरडीवर शिडासकट दोरांनी आवळून बांधला. खांदेकरी वाकले आणि दचकून सरळ झाले. ती उचलायची गरज नव्हती. धरून ठेवायची होती. चौघं जण हात वर करून तिरडी खाली ओढत चालले. शिवडीच्या रस्त्यावरचे लोक बाजूला झाले.

चांगुणा मागोमाग निघाली. पोशा म्हणाला, "वैनी, बायका मसणात येत नाय."

"मग वर कोण बघणार? तू?"

पोशाने तिला वाट दिली.

सरणावर ठेवून वर जाडजूड लाकडं रचली, दोर खुंट्यांना बांधले. पोशाने अग्नी दिला. संध्याकाळचं ऊन होतं. वारा लालबागेकडून येत होता आणि त्याच्याबरोबर बँडचे तुटक सूर येत होते. साहेब चढायच्या तयारीत असावा. जाळ धरला तशी सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी तसं सांगितलं नव्हतं.

आधी दोर पेटले. एक तुटला. दुसरा तुटला. वरची लाकडं बाजूला सरून गडगडत खाली आली. ठिणग्या उडाल्या. पोशाच्या मानेवर गरम वारा आला आणि निघून गेला. त्याने हाताची बोटं एकमेकांत रुतवली.

चांगुणा एकटीच मान वर करून उभी होती. बराच वेळ. लालबागेकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला, नंतर तोही विरला. सरण जळत राहिलं, रिकामं.

ती मागे फिरली तेव्हा पोशाने खाली बघतच विचारलं, "दिसला?"

"दिसला."

"मूठ?"

"मिटलेलीच हाय."

पोशा हुंदके देऊ लागला. "तुझ्याकडं बघितलं तरी का?"

"नाय," चांगुणा म्हणाली. "लालबागेकडं तोंड करून चालला होता. पुढचा हुकूम होतोय का बघत."